पिंपातला सूर, डांबराचं तळं : त्रिनिदादविषयी वाचकांचे प्रश्न

त्रिनिदाद आणि टोबॅगो या जोडदेशाबद्दल बरेच प्रश्न आले. एकाच विषयावरचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : कॅरिबियन म्हटलं की चक्रीवादळं आलीच. मग त्रिनिदाद त्यातून कसं सुटतं?

नकाशात ते वेस्ट इंडिजच्या माळेतलं शेवटचं बेट दिसतं. प्रत्यक्षात तो दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा आहे. व्हेनेझुएलाचा किनारा जवळात जवळ 11 किलोमीटरवर आहे आणि त्रिनिदादची उत्तरेकडची डोंगररांग म्हणजे तिथल्या किनारी डोंगरांचंच पुढे आलेलं टोक. शेजारचं ग्रेनाडा ज्वालामुखीतून वर आलं. त्रिनिदादमध्ये ज्वालामुखी आहेत ते चिखल ओकणारे. जंगलात ओरडी माकडं आणि ऑसेलॉट नावाची ठिपकेदार रानमांजरं सापडतात तेही याच कारणाने. एके काळी ती मुख्य भूमीवरून चालत आलेली आहेत.

वादळांचं म्हणाल तर बेट 10 ते 11 अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारा पीळ कमी पडतो, आणि अटलांटिकवरून येणारी वादळं बहुधा वायव्येला वळून वरून निघून जातात. बहुधा, नेहमी नाही. 30 सप्टेंबर 1963 रोजी ‘फ्लोरा’ वादळाने टोबॅगोतल्या कोको-नारळाच्या बागा आडव्या केल्या. त्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि ते बेट पर्यटनाकडे वळलं. त्रिनिदादची खरी डोकेदुखी पुराची. जून ते डिसेंबर पावसाळा, त्यात कॅरोनी नदीचा सखल पट्टा पाण्याखाली जातो.

प्रश्न : स्टीलपॅन हे तिथलं पत्र्याचं वाद्य खरोखर तेलाच्या पिंपापासून करतात का? साध्या पत्र्यातून सूर कसे निघतात? घरी करून पाहता येईल का?

हो, 55 गॅलनच्या, म्हणजे सुमारे 208 लिटरच्या पिंपापासून. चामड्याच्या ढोलांवर ब्रिटिशांनी 1880च्या दशकात निर्बंध आणले, तेव्हा कार्निव्हलमध्ये लोक वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरू लागले. 1930च्या दशकात बांबूंच्या जागी बिस्किटांचे डबे, गाड्यांचे ब्रेकड्रम आले. पत्रा ठोकून पोचा पडला की त्या जागेचा आवाज बदलतो, हे तिथे लक्षात आलं. बेटावर तेलउद्योग, त्यात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी तळ, त्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. एली मॅनेट या पॅन-कारागिराने पिंपाचा तळ आत, वाटीसारखा ठोकायची पद्धत रूढ केली. तीच आजही चालते.

पिंप उलटं ठेवायचं, म्हणजे तळ वर. गोल गोल फिरत आखूड दांड्याच्या जड हातोड्याने तो खाली बसवत न्यायचा. वरच्या पट्टीच्या टेनर पॅनला खोली सुमारे 20 सेंटिमीटर लागते, बेसला, म्हणजे खालच्या पट्टीच्या पॅनला, निम्मी पुरते. पत्रा फाटतो तो इथेच. एकाच जागी ठोकत राहिलं की पत्रा तिथे ताणून पातळ होतो आणि चीर जाते. चीर गेलेलं पिंप भंगारात. डाग देऊन सांधलं तरी त्या जागी सूर धरत नाही. नवशिक्यांची निम्मी पिंपं याच पायरीवर जातात असं समजा.

मग बोथट टोकाच्या पंचने सुरांच्या सीमा ठोकून घेतात. ही रेषा पत्रा कापत नाही, फक्त दाबते. त्यामुळे एका सुराचा कंप शेजारच्या सुरात कमी झिरपतो. त्यानंतर पिंपाचा घेर कापतात. टेनरला जेमतेम 13 ते 15 सेंटिमीटर कड ठेवतात, बेसला अख्खं पिंप. पुढे विस्तवावर तापवणं. ठोकून ठोकून पत्र्यात साठलेला ताण त्याने निघतो आणि पोलाद कडक होतं. पत्र्यावर निळसर झाक आली की थांबायचं. त्यापुढे तापवलात तर पत्रा मऊ पडतो आणि लावलेला सूर चार दिवसही टिकत नाही.

शेवटी सूर लावणं, आणि खरी कारागिरी इथेच आहे. प्रत्येक सुराची जागा खालून ठोकून किंचित फुगवतात, वरून ठोकून बसवतात. फुगवट्याचा आकार आणि ताण यांवर सूर ठरतो. चांगला कारागीर नुसता मूळ सूर लावून थांबत नाही. त्याच जागेच्या लांबीच्या दिशेने वरच्या सप्तकातला तोच सूर आणि रुंदीच्या दिशेने त्याच्याही वरचा पंचम जुळवतो. हे तीन एकत्र वाजले की पॅनला तो घंटेसारखा गोडवा येतो, नाहीतर डबा वाजतो. त्यात पत्रा एकच, म्हणून एक सूर जुळवला की शेजारचा हलतो. यावर अँथनी विल्यम्स या पॅन-कारागिराने ठरवलेल्या सुरांच्या मांडणीचा उपयोग होतो. तिच्यात शेजारी शेजारी षड्ज-पंचमाच्या नात्याचे सूर येतात. कंप झिरपलाच तरी तो बेसूर वाटत नाही.

खालच्या सुराला जागा जास्त लागते. म्हणून टेनरच्या एका वाटीत 28-29 सूर मावतात, तर बेसच्या एका पिंपात अवघे तीन, आणि वादक अशा सहा किंवा जास्त पिंपांच्या मधे उभा राहून वाजवतो. काठीच्या टोकाला रबर हवंच. ते झिजलं की खणखणाट ऐकू येतो. कडक उन्हात पत्रा प्रसरण पावून सूर उतरतो, तेव्हा पॅन सावलीत ठेवावं.

घरी करून पाहायचंच असेल तर बेसपासून सुरुवात करा, कारण खोली कमी आणि सूर तीनच. मात्र ज्यात रसायन किंवा इंधन होतं असं पिंप नुसतं धुऊनही कापू किंवा तापवू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

प्रश्न : डांबराच्या तलावावरून चालता येतं म्हणतात. पाय रुतत नाही?

ला ब्रेया गावाजवळचं हे तळं सुमारे 40 हेक्टरचं आहे आणि मध्यावर 75 मीटरच्या आसपास खोल. बराचसा पृष्ठभाग माणसाचं वजन सहज पेलतो. पण एका जागी उभं राहिलात तर काही मिनिटांत बुटाचा ठसा उमटतो. काही ठिकाणी खालून ताजं, मऊ डांबर वर येत असतं. ते नवख्याला ओळखू येत नाही, म्हणून स्थानिक वाटाड्या घ्यायलाच हवा. सपाट तळव्यांचे जुने बूट घाला. पावसाळ्यात घड्यांमध्ये पाणी साचतं आणि लोक त्या गंधकयुक्त पाण्यात डुंबतात.

1595 मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या जहाजांच्या फटी या डांबराने बुजवल्या. व्यापारी उत्खनन 1867 पासून चालू आहे. खणलेला खड्डा सावकाश आपोआप भरून येतो. आसपासच्या वस्तीत जमीनही सरकते. कललेली घरं आणि लाटांसारखे उठलेले रस्ते तिथे नवे नाहीत.

प्रश्न : तिथले भारतीय वंशाचे लोक केव्हा गेले? ‘डबल्स’ हा पदार्थ त्यांचाच का? कृती द्यावी.

गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन पोहोचलं. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार लोक गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, थोडे मद्रासकडचे. करार पाच वर्षांचा. पुढे परतीच्या भाड्याऐवजी जमीन घेण्याची सोय झाली आणि पुष्कळ जण तिथलेच झाले. 30 मे हा दिवस तिथे आता राष्ट्रीय सुटीचा आहे.

डबल्स या लोकांच्याच स्वयंपाकातून आले, 1930च्या दशकात प्रिन्सेस टाउन भागात. दोन मऊ ‘बारा’, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या चपट्या पुऱ्या, आणि मधे पातळसर छोले, इतकंच. पाव किलो मैद्यात अर्धा चमचा यीस्ट, पाव चमचा हळद, पाव चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मीठ आणि सुमारे 175 मिलिलिटर कोमट पाणी घाला. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. पुरीसारखं घट्ट भिजवलंत तर बारा टम्म फुगून कडक होतात आणि घडी घालताना फुटतात. तासभर फुगू द्या. लिंबाएवढे गोळे तेलाच्या हातावर थापून 10 सेंटिमीटरचे करा, लाटू नका. गरम तेलात प्रत्येक बाजू 10 ते 15 सेकंद पुरे. रंग येईपर्यंत थांबायचं नाही. काढल्या काढल्या एकावर एक रचून कापडात झाका, वाफेने मऊ राहतात. छोले बोटाने दाबल्यावर पिठूळ झाले पाहिजेत. वर चिंचेची आणि काकडीची चटणी. तिथे विकत घेताना तिखटाला ‘स्लाइट’ म्हणायचं, म्हणजे अगदी थोडं. तिथली स्कॉच बॉनेट मिरची थट्टेवारी घेण्यासारखी नाही.

प्रश्न : 1971 मध्ये सुनील गावसकर पहिली कसोटी त्रिनिदादमध्येच खेळले ना?

हो, पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. 65 आणि नाबाद 67. वेस्ट इंडिजवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. मालिकेतली शेवटची कसोटीही तिथेच झाली आणि त्यांनी 124 आणि 220 केले. 1976 मध्ये भारताने चौथ्या डावात 4 बाद 406 करून सामना जिंकला, तेही याच मैदानावर.

प्रश्न : जायचं तर केव्हा? काय काळजी घ्यावी?

कोरडे महिने जानेवारी ते मे. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या बुधवारच्या, आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो, त्यामुळे तारीख दर वर्षी बदलते. त्या आठवड्याची खोली कित्येक महिने आधी धरावी लागते. लेदरबॅक कासवं मार्च ते ऑगस्ट अंडी घालतात. मातुरा आणि ग्रांद रिव्हियेरच्या किनाऱ्यांवर त्या काळात वनखात्याचा परवाना लागतो. टॉर्च-फ्लॅश मारू नका, नाहीतर कासव अंडी न घालताच समुद्रात परततं. टोबॅगोला विमानाने जाणं 25 मिनिटांचं, बोटीने काही तासांचं. आणि लष्करी ठिपक्यांचे, कॅमोफ्लाज कपडे घरीच ठेवा. तिथे सामान्य नागरिकाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांची टोपीसुद्धा विमानतळावर काढून घेतली जाऊ शकते.