फेमस फाइव्हच्या मालिका: सुरुवात कुठून करायची

अरे वा, एनिड ब्लायटनची फेमस फाइव्ह पुस्तकं (चार मुलं आणि एक कुत्रा यांच्या साहसकथा) आणि त्यांच्यावरच्या टीव्ही मालिका ताडून बघणार आहेस, मस्त विषय घेतलायस! फक्त सगळ्या मालिका एकदम डाउनलोड करून बसू नकोस, सगळे नवीन लोक तेच करतात आणि मग चार एपिसोडमध्ये डोक्यात खिचडी होते. आधी पहिलं पुस्तक वाच, १९४२ चं, किरिन बेटाच्या खजिन्याचं. एकूण २१ आहेत पण आत्ता एकच पुरे.

मग १९९५ ची मालिका लाव. तिची सुरुवातच या गोष्टीने होते आणि काळही १९५० च्या दशकातला ठेवलाय, त्यामुळे पुस्तकाशी ताडून बघायला सोपी. १९७८ ची मात्र मुद्दाम त्याच वेळच्या इंग्लंडात आणलीय, बेलबॉटम पँटी, सत्तरच्या दशकातल्या गाड्या, आणि पहिलं पुस्तक तिच्यात नाहीच कारण त्याचे हक्क दुसऱ्या संस्थेकडे होते, तेव्हा ते शोधत वेळ घालवू नकोस. तरी मला विचारशील तर मुलांमधली खरी धमाल हिच्यातच आहे.

आणखी एक चूक म्हणजे "पुस्तकात असं नाहीये" म्हणत मार्क कापत बसणं. अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये काटछाट होणारच ना! त्यापेक्षा फक्त जॉर्जवर, म्हणजे त्या पाचांतल्या मुलासारखं राहणाऱ्या मुलीवर, लक्ष ठेव. तिला कोणी मुलगी म्हणून डावललं की ती कशी उसळते, बेट माझं आहे हे कसं सांगते, एवढंच पुस्तकात आणि मालिकेत बघून वहीत लिही.

२०२३ ची बीबीसीवाली, दीड-दीड तासाचे तीन भाग, नंतर बघ. तिच्यात गोष्टी बऱ्याच नव्या रचल्यात.