‘किती शुद्ध बोलता हो!’

चि. बाळ,

परवा फोनवर तू फार खुशीत होतास. मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, “तुम्ही अकोल्याकडचे वाटतच नाही, किती शुद्ध बोलता!” मी अभिनंदन केलं खरं, पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना.

त्यातलं कौतुक ‘शुद्ध’मध्ये आहे आणि खोच ‘वाटतच नाही’मध्ये. पुण्यात पेठेत वाढलेल्या मुलाला असं कोणी म्हणत नाही, तिथे ते गृहीतच असतं. ज्याच्याकडून अपेक्षा नसते त्यालाच हे प्रशस्तिपत्र मिळतं. मागोमाग प्रश्न येतो, “आडनाव काय म्हणालात?”

नोकरीला लागलो तेव्हा मी खोलीवर आरशासमोर ‘पाणी, लोणी, आणि’ घोकायचो. एकदा डबा खाताना ठसका लागला आणि तोंडून निघालं, “पानी दे ना बे!” सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून मी मोजून बोलू लागलो.

‘शुद्ध’ हा शब्द आपण तुपाला लावतो, सोवळ्यालाही लावतो. भाषेला लावला की दुसऱ्याचं बोलणं आपोआप विटाळतं. वऱ्हाडीत डाळीची ‘डाय’ होते, शाळेची ‘शाया’ होते. ती चूक नव्हे, ळचा य करणं ही त्या बोलीची रीतच आहे. आणि पुणेकर लिहितो ‘केले’, बोलतो ‘केलं’. त्याला अशुद्ध कोण म्हणतं? जोतीराव फुल्यांच्या पुस्तकावर लिहिताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाचीच टर उडवली. ‘निबंधमाला’ निघाली 1874 साली. दीडशे वर्षं झाली, सवय काही गेली नाही.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे बीडच्या बाजूची एक मुलगी नवीन लागली. तिला मी म्हणून बसलो, “अगं, तू छान बोलतेस की!” तो ‘की’ तिला बरोबर ऐकू गेला. काही बोलली नाही, नुसती हसली. आरशासमोरचं माझं हसू तसंच असायचं.

प्रमाण मराठी मात्र चांगली घोटून शीक. अर्जाला, अहवालाला, भाषणाला ती लागते, तिथे हट्ट कामाचा नाही. ऐकणारा ‘मुद्दा पटला’ म्हणाला तर खुशाल खूश हो. ‘वाटत नाही’ म्हणाला तर हसून सांग, “अकोल्याचाच आहे, साहेब.” भांडू नकोस, पहिलाच पगार आहे.

आणि घरी फोन लावशील तेव्हा तरी ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणत जा. तुझी आई परवा सांगत होती, “पोरगं आता माह्याशी पाहुण्यावानी बोलून राह्यलं, भाऊ.”

तुझा,
काका