खाण कंपन्यांच्या 'वॉटर पॉझिटिव्ह' घोषणांमुळे गोव्यात पाण्याचं व्यवस्थापन खरंच सुधारतं का?

थोडं सुधारतं, पण घोषणेतला आकडा बघून ते कळत नाही. मी डिचोलीचा, म्हणजे गोव्याच्या खाणपट्ट्यातला; खाणीवर पर्यावरण विभागात काम केलंय, म्हणून आतलं सांगतो.

'वॉटर पॉझिटिव्ह' म्हणजे जेवढं पाणी वापरलं त्याहून जास्त साठवलं किंवा जमिनीत मुरवलं, असा हिशेब. वेदांता या खाण कंपनीने 2030 पर्यंतचं उद्दिष्ट जाहीर केलंय. राजस्थानात हे खरोखर कठीण काम. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खाणीचा खड्डा आपोआप भरतो, आणि ते पाणी साठवण म्हणून जमेला धरलं की झाली कंपनी पॉझिटिव्ह!

आमचं पहिलं दुखणं गाळाचं. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती-दगड निघतो, त्याचे डंप रचतात. जूनच्या पहिल्या सरींत डंपावरून तांबडं पाणी सुटतं, व्हाळातून खालच्या शेतात शिरतं आणि ओसरल्यावर गाळाचा थर ठेवून जातं. त्यावर उपाय जुनेच आहेत: डंपाभोवती चर, चिऱ्याचे आडवे बांध, शेवटी सेटलिंग पाँड, म्हणजे गाळ खाली बसवायचं तळं. पण पाँडात गेल्या वर्षीचा गाळ तसाच असेल तर मोठ्या पावसात पाणी नुसतं वरून निघून जातं. तो मेअखेर उपसायचा, म्हणजे ठेकेदार एप्रिलमध्येच ठरायला हवा. हे काम आधी 'बघू' म्हणून पुढे ढकललं जायचं. घोषणेचा हिशेब तपासणारे ऑडिटर उपशाच्या आधीचे-नंतरचे फोटो मागू लागले, तेव्हा पैसे वेळेवर मंजूर व्हायला लागले. माझ्या मते घोषणांचा खरा उपयोग एवढाच, पण तो कमी नाही.

दुसरं भूजल. इथे घोषणा जवळजवळ निरुपयोगी. खड्डा भूजल पातळीच्या खाली गेला की पंप चालू ठेवावे लागतात आणि आजूबाजूच्या विहिरी, झरी उतरतात. डिचोलीजवळच्या शिरगावच्या गावकऱ्यांनी हे गाऱ्हाणं हायकोर्टापर्यंत नेलं. वार्षिक बेरजेत मात्र ऑगस्टचं पाणी आणि एप्रिलचं पाणी एकाच रकान्यात पडतं. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना सेबीकडे पर्यावरण-जबाबदारीचा जो बीआरएसआर अहवाल द्यावा लागतो, त्यातही प्रकल्पवार पाण्याचा तपशील विचारलाय तो टंचाईग्रस्त भागांसाठी, तोही ऐच्छिक. गोव्यातले तालुके भूजलाच्या सरकारी वर्गवारीत 'सुरक्षित', त्यामुळे इथला आकडा देशभरच्या एकूणात विरून जातो.

त्यात आणखी एक गुंता. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये गोव्यातल्या 88 खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चपासून खाणी थांबल्या आणि खड्ड्यांची तळी झाली. उन्हाळ्यात त्यातलं पाणी पंपाने नदीत सोडून नळाच्या पाण्याची वेळ भागवली गेली. आता लिलावात दिलेले खाणींचे ब्लॉक सुरू करायचे तर तीच तळी आधी उपसायला हवीत. कंपनीच्या हिशेबात तो फक्त उपसा. गावाच्या हिशेबात काय, ते कुठल्याच तक्त्यात नाही.

तुम्हाला एखाद्या खाणीचं खरं बघायचं असेल तर चकचकीत वार्षिक अहवाल सोडा. पर्यावरण मंजुरीच्या अटींचं पालन दाखवणारा सहामाही अहवाल (मुदत 1 जून आणि 1 डिसेंबर) मिळवा. त्यात विहिरी आणि पिझोमीटरच्या (भूजल पातळी मोजायच्या नळ्यांच्या) पातळीचं पान काढा, एप्रिल-मेच्या नोंदी बघा आणि त्याच विहिरीवरच्या माणसाला विचारून ताडून घ्या.