टोलनाका ओलांडला की सुरू होणारं भांडण

थंडी हा पुणेकरांचा फिरायचा हंगाम. पावसाळ्यात घाटातल्या गर्दीला कंटाळलेले आणि मार्चनंतरच्या उन्हाला भ्यालेले सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हौस भागवून घेतात. कुणी सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातं, कुणी नगर रस्त्यानं हुरड्याला, कुणी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला. मी जोडप्यांची समुपदेशक, आणि संक्रांतीच्या आसपास माझ्याकडे एक वाक्य येऊ लागतं. माणसं वेगळी असतात, वाक्य मात्र तेच: "मॅडम, आम्ही दोघं कुठंही गेलो ना, भांडूनच परत येतो. घरी तसं काही नसतं हो."

यातला पहिला भाग सांगताना लोकांचा चेहरा पडलेला असतो. दुसरा भाग ते जाता जाता बोलतात. मला तो दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेक जोडप्यांनी त्यावरून आपला निष्कर्ष आधीच काढलेला असतो: आमचं जमतच नाही, चार माणसांत धकून जातं एवढंच. मग काही जण फिरणं बंद करतात. काहींना वाटतं ठिकाणच चुकलं, म्हणून ते आणखी लांबचं बुकिंग करतात. हुरड्याला जाऊन भांडणारं जोडपं बालीला जाऊनही भांडतं. खर्च वाढतो, बाकी काही बदलत नाही.

केतकी आणि मंदार असेच आले. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोघं पस्तिशीच्या आसपास, दोघांची नोकरी, सहकारनगरमध्ये दोन बेडरूमचं घर. घरात मंदारचे आईवडील आणि दुसरीतली मुलगी. मुलगी यांच्याच खोलीत झोपते. सासू-सुनेचं बरं चाललेलं, पैशांची ओढाताण नाही, व्यसन नाही. तक्रार एकच.

ताजं प्रकरण भिगवणचं होतं. शनिवारी दुपारी निघायचं, रात्री कुंभारगावात मुक्काम, पहाटे उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित पक्षी बघायचे, असा बेत. मंदारनं मित्राकडून दुर्बीण आणली होती. केतकीनं तिळाच्या वड्या केल्या होत्या. रात्री जेवताना वादाला तोंड फुटलं आणि पहाटेपर्यंत दोघांचा अबोला.

"धुकं होतं, पाण्यावर नुसता गुलाबी पट्टा दिसत होता," केतकी सांगत होती. "आणि मी शालीत तोंड खुपसून रडत होते. होडीवाला बिचारा सारखा दाखवत होता. चक्रवाकांची जोडी दाखवून म्हणाला, ही नेहमी जोडीनंच असतात बघा. आम्ही होडीच्या दोन टोकांना बसलो होतो."

मला हसू आवरलं नाही. तेही हसले. (संस्कृत कवींनी चक्रवाकाच्या जोडीला रात्रभर नदीच्या दोन काठांवर ताटकळत ठेवलंय, हे त्या होडीवाल्याला ठाऊक नसावं. असतं तर त्यानं दुसरा पक्षी दाखवला असता.)

भांडण कशावरून झालं, हे मी विचारलं नाही. नवीन समुपदेशक इथंच अडकतात. विषय विचारला की दोघंही वकील होतात आणि तास संपेपर्यंत पुरावे देत बसतात. भांडण कुठं झालं आणि कधी, हे विचारायची सवय मी इतक्या वर्षांत मुद्दाम लावून घेतली आहे. ठिकाण आणि वेळ यांत कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

तसंच विचारलं. दोघांनी भिगवण, त्याआधीची वाई, त्याआधीचा हुरडा आठवून पाहिला. मंदार म्हणाला, "भिगवणला जाताना पाटसचा टोल गेला आणि सुरू झालं. रात्री नुसता भडका उडाला." केतकी म्हणाली, "वाईच्या वेळी खेड-शिवापूरचा टोल." दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"टोलच्या आधी गाडीत काय चाललेलं असतं?"

"आईचे फोन," मंदार म्हणाला. "पोहोचलात का, स्वेटर घेतलाय का, मुलीचा डबा कुठल्या कप्प्यात ठेवलाय. तासभर तेच."

"आणि टोलनंतर?"

"नंतर फोन येत नाहीत."

केतकी यावर काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. ती पहिल्या भेटीपासूनच हळू आवाजात बोलायची. मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला ना, इथं कुणी नाही." ती ओशाळली. "सवयच झालीय. घरी भिंत पातळ आहे. पलीकडे बाबांची खोली, अलीकडे मुलगी झोपलेली. आम्ही कुजबुजतच बोलतो. भांडायचं असलं तर व्हॉट्सॲपवर भांडतो, एका पलंगावर बसून."

मंदारनं मान डोलावली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "म्हणजे घरी आमचं भांडण होत नाही, कारण भांडायला जागाच नाही."

एवढं वाक्य कुणाच्या तोंडून बाहेर पडलं की माझं निम्मं काम होतं. ते वाक्य मी आधीच्या भेटीतही सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण मी सांगितलेलं ते 'मॅडम असं म्हणाल्या' म्हणून घरी घेऊन गेले असते आणि आठवडाभरात विसरले असते. थांबता येणं ही या कामातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे, आणि ती आपल्याला बऱ्यापैकी जमते असं मला वाटतं.

मी माणसाकडे सुटं पाहत नाही, त्याचं घर पाहते. कोण कुठं झोपतं, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जातं, दार कोण वाजवतं आणि कोण न वाजवता आत येतं. साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत, फिलाडेल्फियात काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचा भर यावरच होता: कुटुंबात नवरा-बायकोभोवती त्यांचं त्यांचं कुंपण लागतं. ते फार उंच नको आणि मोडकंही नको. आपल्याकडे काही जण यावर लगेच 'वेगळं राहा' म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्यातल्या घरांच्या किमती बघता तो सल्ला परवडणाराही नाही. आणि फ्लॅटमध्ये दोघंच राहणारी जोडपीही माझ्याकडे येतात, ती दोन मोबाइल आणि एका टीव्हीच्या आवाजात कुजबुजत असतात.

केतकी-मंदारचं काय होत होतं, तर महिनाभर न बोललेलं सगळं माळ्यावर टाकलं जायचं. मुलीची शाळा बदलायची का, बाबांचं ऑपरेशन, नणंदेच्या लग्नात कुणी काय बोललं, दोघांतली जवळीक कमी झाल्याची बोच. फोन थांबले की तो माळा एकदम खाली यायचा, नेमका गाडी ताशी ऐंशीनं चाललेली असताना. आणि वर सहलीवर 'आज आनंदी राहायचं' ही सक्ती. मुक्कामाचे पैसे भरलेले, लेक आजीकडे ठेवल्याची टोचणी, शिवाय फोटो टाकायचे. इतक्या ओझ्याखाली कुणीही भांडेल.

तेव्हा सहलीतलं भांडण हे प्रेम आटल्याचं लक्षण आहे, असं घाईनं ठरवू नका. बरेचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की बोलायचं खूप साचलंय आणि दुसरी जागा नाही. अबोला धरून निवांत सहल करून येणारी जोडपी मला जास्त काळजीत टाकतात.

उपाय म्हणून मी त्यांना मोठी सहल काही दिवस बाजूला ठेवायला सांगितली आणि छोटं फिरणं वाढवायला. तळजाई त्यांच्या घरापासून जवळ. थंडीत सकाळी सहा-साडेसहाला टेकडीवर जायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, दोघांनीच. चढताना घरचे विषय काढायचे: शाळा, ऑपरेशन, पैसे, रुसवे. हवा तेवढा आवाज चढवायचा, टेकडीवर मोर त्याहून मोठ्यानं ओरडतात. उतरायला लागलं की विषय बंद, राहिला तर परवाच्या फेरीला. खाली टपरीवर चहा घेऊन घरी. कामाच्या गोष्टी चालताना बोलाव्यात हे मी अनेकांना सांगते. समोरासमोर बसलं की डोळे वटारले जातात, शेजारी शेजारी चालताना ते जमत नाही. थंडीत दम लागलेला असला की वाक्यंही आपोआप आखूड होतात.

मंदारची अडचण वेगळीच निघाली. "घरी काय सांगू? आई म्हणेल, मलाही न्या. नाहीतर दूध आणायच्या निमित्तानं जाऊ?"

निमित्तं काढू नका, असं मी ठाम सांगितलं. चोरून मिळवलेल्या अर्ध्या तासात माणूस घड्याळच बघतो. "आई, आम्ही दोघं सकाळी टेकडीवर जाऊन येतो, साडेसातपर्यंत परत," एवढंच, परवानगी मागितल्यासारखं न करता आणि कारणांची यादी न देता. शिवाय त्यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवा. रविवारी संध्याकाळी सगळे मिळून सारसबागेत जा.

पुढच्या भेटीत केतकी हसतच आत आली. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मग जा की! मला वाटलं, तुम्हालाच आमच्याशिवाय करमत नाही." आणि मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. लग्नानंतर वाड्यात दोन खोल्यांत नऊ माणसं. त्या आणि मंदारचे बाबा दर शनिवारी पर्वतीला दर्शनाला जायचे. "देव दोन मिनिटांत व्हायचा," त्या म्हणाल्या, "पायऱ्यांवर तासभर जायचा. यांच्याशी खरं भांडले ते तिथंच."

मला हे फार आवडलं. वाड्यातल्या जोडप्यांकडे आजच्यापेक्षा कमी जागा होती. पण तळ्यातला गणपती, पर्वती, मंडईतली भाजी असे रस्ते त्यांनी शोधले होते आणि खिशात फोन नव्हता. ती सवय आपण सोडून दिली आणि तिच्या जागी वर्षातून दोनदा रिसॉर्ट आणला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. फिरायला गेल्यावर कुणी हात उगारत असेल, गाडी मुद्दाम वेगानं हाकून घाबरवत असेल, अनोळखी गावात उतरवून देण्याची धमकी देत असेल, तर त्याला वरचं काहीही लागू नाही. तिथं टेकडी नको, मदत हवी. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि जवळच्या एका तरी माणसाला हे सांगा.

केतकी-मंदारचे पहिले काही दिवस खडतर गेले. एकदा ती अर्ध्या टेकडीवरून एकटीच परत आली. एकदा पावशेर भाजीवरून सुरू झालेलं बोलणं बाबांच्या आजारपणापर्यंत गेलं आणि मंदार रडला, लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यासमोर. ते दोघांनी मला एकाच वेळी, एकमेकांचं वाक्य तोडत सांगितलं. केतकीचा आवाज तेव्हा बाहेर माझ्या सहायकापर्यंत गेला असणार.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते वाईला जाऊन आले. भांडले का, असं मी विचारलं. भांडले होते. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आधी पाहायचा की आधी मिसळ खायची, यावरून. मंदारचं म्हणणं, उन्हाच्या आत घाटावर पोहोचायला हवं, चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा कोवळ्या उन्हात बघायची. केतकीला भूक लागली होती. मिसळ आधी झाली. ऊन चढल्याबद्दल मंदार परतीच्या वाटेवर सुरूरच्या फाट्यापर्यंत कुरकुरत होता, आणि ती त्याला खुशाल मोठ्यानं उत्तरं देत होती.