‘शास्त्रज्ञांचा दावा’ की ‘संशोधनातून सिद्ध’?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलं पेपरातली एक विज्ञानाची बातमी रोज फळ्यावर उतरवतात. एकाच संशोधनाला एक पेपर ‘शास्त्रज्ञांचा दावा’ म्हणतो, दुसरा ‘संशोधनातून सिद्ध’. दोन्हींचा अर्थ एकच का, आणि फळ्यावर नेमकं काय लिहायचं?

बाई, अर्थ एक नाही. उलट बहुतेक बातम्यांना या दोन्हींपैकी एकही लागू पडत नाही.

आधी दावा बघू. हा शब्द मूळचा अरबी, फारसी कारभारातून मराठीत आलेला, आणि कचेरी त्याच्या अंगातून अजून गेलेली नाही. कन्नडातही खटल्याला ‘दावे’ म्हणतात, म्हणजे निदान या एका शब्दावरून आपल्याकडे सीमावाद नाही. आपल्या भागात तर दावा म्हटलं की शेंबड्या पोरालाही सर्वोच्च न्यायालय आठवतं, कारण महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा. दाव्याला वादी लागतो, प्रतिवादी लागतो, आणि निकाल लागेपर्यंत दोघांचं म्हणणं सारख्याच कानाने ऐकायचं असतं. कोर्टात हे रास्तच आहे. पण ‘शास्त्रज्ञांचा दावा’ असं छापून आलं की वाचणारा आपसूक विचारतो, मग दुसरी बाजू कुठाय? आणि दुसरी बाजू नसलीच तर चॅनेलवाले ती आणून बसवतात. एकीकडे त्या विषयात हयात घालवलेल्या डॉक्टर, दुसरीकडे कुणी चढ्या आवाजाचे गृहस्थ, आणि वेळ दोघांना सारखा. गल्लीतल्या कट्ट्यावरची चर्चा मग त्याच चालीने चालते: ‘तुझा कुणावर विश्वास?’ पुरावा काय, हा प्रश्न तिथवर पोचतच नाही.

ब्रिटनमध्ये याची किंमत मोजावी लागली. १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा एक निबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा काही संबंध असावा, असं त्यात सुचवलं होतं. पुढे लाखो मुलांच्या नोंदी तपासून तसा संबंध आढळला नाही. तरी पेपरांतून लशीच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन पक्ष वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी छापले गेले. निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. तोवर तिथलं लसीकरण घसरून गोवर परतला होता.

विज्ञानाच्या बातमीत ‘दावा’ हा शब्द गुन्हेवार्तेच्या टेबलावरून आला असावा, असं माझं मत आहे. पोलिसांचा दावा, आरोपीच्या वकिलांचा दावा, विरोधकांचा दावा. उपसंपादकाच्या हाताला तो बसलेला असतो, मथळ्यात मावतो आणि उद्या काही बिनसलं तर जबाबदारी अंगावर येत नाही. तिथे तो चोख आहे. प्रयोग करून, मोजून, इतर जाणकारांकडून तपासून घेऊन मांडलेल्या निष्कर्षाला मात्र तो उगाच संशयाच्या पिंजऱ्यात उभा करतो.

‘सिद्ध’ची गत उलटी आहे. तुम्ही भूमिती शिकवली असेल तर पक्ष, साध्य, सिद्धता ही उतरंड ठाऊक आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश हे एकदा सिद्ध झालं की शाळेच्या भूमितीत ते कायमचं. औषधाच्या चाचणीत असली सिद्धता नसते. असतो तो पुरावा, कमी-जास्त वजनाचा. शिवाय मराठीत ‘सिद्ध’ला पुण्याईचाही वास आहे. सिद्धपुरुष, सिद्धमंत्र. त्यामुळे ‘सिद्ध’ वाचलं की प्रश्न विचारायचा नाही, हात जोडायचे, असं काहीसं होतं.

घरचंच उदाहरण घ्या. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी झाली. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून ती केली, आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’ने छापले. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बायका दगावतात, तो मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने रोखता येतो का, हे पाहायचं होतं. १६२० बायका होत्या. त्यांतल्या साधारण निम्म्यांना खरी गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. गोळ्या द्यायला मोठे डॉक्टर नव्हते, गावातल्या नर्सबाई होत्या. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. औषधाच्या गटात शंभरी ६.४. थंडी वाजून येणं आणि ताप मात्र औषधाच्या गटात जास्त दिसला. तो तात्पुरता होता.

आता याचा मथळा कसा कराल? ‘गोळीने रक्तस्राव निम्म्यावर’ हे खोटं नाही. पण निम्मं कशाचं, ते वाचणाऱ्याला कळत नाही. ‘शंभरात १२ ऐवजी ६’ लिहिलं की दोन गोष्टी एकदम दिसतात: फायदा खरा आहे, आणि शंभरातल्या ८८ जणींना गोळी नसतीही तरी अतिरक्तस्राव झाला नसता. शास्त्रज्ञ हेच असं सांगतात की साधारण १८ जणींना गोळी द्यावी तेव्हा एकीचा अतिरक्तस्राव टळतो. स्वस्त गोळी, दवाखाना लांब, पावसाळ्यात जांबोटीकडचा रस्ता. या हिशेबात अठराला एक हा आकडा फार मोठा आहे. ‘क्रांतिकारी’, ‘चमत्कारी’ असलं विशेषण लावायची गरजच पडत नाही. आणि ‘सहा जणी वाचल्या’ असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक, कारण मोजलं होतं ते रक्तस्रावाला, मृत्यूला नव्हे.

दुसरं उदाहरण निपाणीकरांसाठी. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. लगेच जगभर मथळे झळकले: मांस तंबाखूइतकंच घातक! निपाणीच्या तंबाखू बाजारात कुणी हे वाचून मिशीत हसला असेल तर त्याला दोष देता येत नाही. पण ते गट धोका किती याचे नाहीतच. पुरावा किती पक्का याचे आहेत. दोन्हींमुळे कर्करोग होतो हे तितकंच पक्कं, एवढाच त्याचा अर्थ. संघटनेने त्याच वेळी दिलेल्या अंदाजांत प्रक्रिया केलेल्या मांसापायी जगभरात वर्षाला कर्करोगाचे ३४ हजार मृत्यू होते, तंबाखूपायी दहा लाख. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हे वाक्यही गाजलं. ते टक्के मुळातल्या धोक्यावरचे आहेत. खाणाऱ्या शंभरातल्या १८ जणांना कर्करोग होतो, असा अर्थ लावून हॉटेलात हमरीतुमरीवर आलेले लोक मी ऐकलेत.

सगळं पाप बातमीदाराच्या माथी मारू नये. ब्रिटनमधल्या २० नामवंत विद्यापीठांनी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं काही संशोधकांनी तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. ४० टक्के पत्रकांत मूळ निबंधापेक्षा वाढवून दिलेला सल्ला होता, प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत तो प्रयोग वाढवून माणसाला लागू करून टाकलेला होता. म्हणजे मीठमसाला बऱ्याचदा विद्यापीठाच्याच स्वयंपाकघरात पडलेला असतो. पेपरवाला फक्त वाढतो.

तर फळ्यावर काय? क्रियापद पुराव्याच्या मापाचं घ्या. नुसतं पाहणीत दिसलं असेल तर ‘आढळलं’. दोन गोष्टी बरोबर दिसल्या, पण एकीमुळे दुसरी होते हे कळलेलं नसेल तर ‘संबंध दिसला’. बेळगावसारखी चाचणी असेल तर ‘चाचणीत कमी झालं’, सोबत आकडे. उंदरांवर असेल तर ‘उंदरांत’ हा शब्द मथळ्यातच हवा, चौथ्या परिच्छेदात नको. ‘दावा’ हद्दपार करू नका. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या कर्नाटकात नाकात लिंबाचा रस पिळला की कोरोना जातो असं पसरलं होतं; तिथे ‘दावा’च लिहायचं, आणि कुणाचा, तेही.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. मोबाईलवर हल्ली ‘नव्या शोधानुसार’ अशी मराठी वाचायला मिळते. हिंदीत ‘शोध’ म्हणजे आपलं संशोधन, आणि हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, जसं संविधान संशोधन. कन्नड या बाबतीत आपल्या बाजूने आहे, तिथेही संशोधन म्हणजे संशोधनच. हिंदी बातमी घाईत मराठीत ओढली की साध्या पाहणीचा ‘शोध’ होतो, आणि मराठी वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी काहीतरी शोधून काढलं. मुलांनी तसं उतरवून आणलं तर ‘शोध’ पुसून ‘अभ्यास’ लिहायला सांगा.