रिदम गिटार वाजवायचीय? आधी गेन कमी कर

अरे, सोलोच्या मागे नंतर लाग. आधी माल्कम यंगचा उजवा हात नीट ऐक. ग्लासगोत जन्मलेला, सिडनीत वाढलेला बुटका गडी. १९७३ मध्ये धाकट्या अँगसला घेऊन एसी/डीसी हा रॉक बँड उभा केला आणि स्वतः मागे अँपजवळ थांबला. त्याच्या ग्रेच गिटारवर एकच पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) उरलेला, तारा जाड, डिस्टॉर्शन (गेन वाढवला की येणारा फाटका आवाज) तुला वाटतं त्याहून बरंच कमी. म्हणून कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. तू गेन वाढवून चुका झाकतोयस (मीही दोन वर्षं तेच केलं). नॉब खाली आण, ए कॉर्ड मार, लगेच तळव्याने तारा दाब. आवाज तुटायचा तो स्नेअर ड्रमच्या ठोक्यावरच तुटला पाहिजे.

गिगनंतरच्या बाटलीचं वेगळं सांगत नाही. १९८८ मध्ये दारू सोडायला माल्कम दौरा अर्धवट टाकून गेला होता; जागा पुतण्या स्टीव्हीने सांभाळली.