काल्पनिक प्राचीन संस्कृतीच्या पूजेच्या वस्तू बनवतोय, पण सगळं डेकोरेशन वाटतं. खऱ्या वाटायला काय करू?

अहो माझंही सेम झालं होतं. एकांकिकेसाठी एक भांडं केलं, त्यावर नाग, सूर्य, डोळा, वर मनानेच काढलेली लिपी, होतं नव्हतं ते सगळं कोरलं आणि आमच्या लाइटवाल्याने लांबूनच विचारलं, कुठल्या मंडळाचा देखावा हा?

मग चित्र घेऊन पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या काकांनी नक्षीकडे ढुंकूनही बघितलं नाही, म्हणाले "हे धरायचं कुठून आणि ओतायचं कुठून?" मला सांगताच येईना.

घरी येऊन नक्षी सोडली आणि आधी विधी ठरवला. पूर्वी लग्नात घटिकापात्र असायचं बघा, बुडाला बारीक भोक असलेली वाटी, पाण्यावर ठेवली की २४ मिनिटांत भरून बुडते. मी ते उलटं केलं. माझ्या लोकांत कुणी गेलं की भांडं भरून टांगायचं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. एवढं ठरलं की बाकीचं सुचतच गेलं, टांगायला तीन कड्या आल्या, त्या दोरीने एका बाजूला झिजवल्या, भोकाभोवती क्षाराचा पांढरा डाग हवा म्हणून महिनाभर बोअरचं पाणी ठिबकवलं (आमच्या सोसायटीत त्याला तोटा नाही). हिरवेपणासाठी मीठ आणि व्हिनेगर लावून डब्यात बंद करून ठेवा, पण सगळीकडे नको, हात लागतो तिथे तांबं चमकतंच.

झीज कशी असते ते घरातल्या टाकावर बघा. आमच्या खंडोबाचं नाक चिंचेने घासून घासून सपाट झालंय, पण घोड्याच्या पायांमध्ये अंगठा पोचत नाही तिथे काळं तसंच आहे. हे डिझाइन करून येत नाही हो, खरंच घासावं लागतं.

अजून एक, फार सुबक करू नका. डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात इनामगावला १९६८ पासून उत्खनन केलं, त्यात झाकणाची मातीची पेटी, डोकं नसलेली बाईची मूर्ती आणि एक बैल मिळाला, बाईला आणि बैलाला भोकं आहेत म्हणजे काडी घालून तिला बैलावर बसवता येतं. सगळं कच्च्या मातीचं, ओबडधोबड, आणि तरी बघताना अंगावर येतं. लिपीचंही तसंच, सिंधूच्या मुद्रांवर सरासरी पाचेक चिन्हं असतात, तुम्ही अख्खं पान कोरू नका.

आणि बुडाला बनवल्याचं साल तेवढं कोरून ठेवा. प्रयोगानंतर एकाने माझं भांडं हातात घेऊन हळूच विचारलं, जुन्या बाजारात मिळालं का, केवढ्याला देणार. मी म्हटलं उलटं करून बघा.